पाणी येतंय काय नाही?

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पाण्याच्या टाकीवर एक कागद चिकटवला होता. पावसाळा सरत आलेला. टाकीच्या सिमेंटवर शेवाळाचा हिरवा पट्टा, दमट हवेनं कागदाच्या कडा आत वळलेल्या. कमरेवर रिकामी घागर घेतलेल्या एका आज्जींनी शाळेला निघालेल्या पोराला थांबवलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. पोरानं दप्तर सावरून वाचलं, वर्गात उभं राहून वाचावं तसं, न अडखळता: ‘सर्व नागरिकांना याद्वारे कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आलेले असल्याकारणाने उद्या सकाळच्या वेळेत होणारा पाणीपुरवठा हा पुढील सूचना मिळेपर्यंत स्थगित करण्यात येत असून नागरिकांनी याची नोंद घेऊन सहकार्य करावे, ही विनंती.’ आज्जींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ते राहू दे बाळा. पाणी येतंय काय नाही, ते सांग.” पोरानं कागदाकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला लागला.

त्याला वाचता येत होतं. उत्तर कुठे ठेवलंय ते सापडत नव्हतं.

हे वाक्य मोजलं तर ३५ शब्दांचं भरतं. ‘पाणी’ हा शब्द येतो १९व्या जागी, तोही ‘पुरवठ्या’ला जोडून. पाणी येणार नाही हे कळतं २४व्या शब्दाला, आणि तिथे ‘नाही’ हा शब्दच नाही, ‘स्थगित’ आहे. त्याहून वाईट गोष्ट सहज दिसत नाही. मराठी वाक्यात जी मुख्य खबर असते ती पूर्ण क्रियापदात बसते: येणार नाही, फुटला, बंद आहे. इथे मुख्य खबर ‘करण्यात येत असून’ अशा अर्धवट रूपात लटकली आहे, आणि पूर्ण क्रियापदं मिळाली आहेत ती ‘कळविण्यात येते’ आणि ‘सहकार्य करावे’ यांना. म्हणजे वाक्याचा सगळा भार जिथे माहिती नाही अशा दोन टोकांवर, आणि माहिती मधल्या खड्ड्यात. पोरगं कितीही वेळा पहिल्यापासून वाचलं असतं तरी कान त्या दोन टोकांवरच थांबला असता.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, ही गोष्ट शाळेत एकदा सांगून सोडून देतात. संपादन करायला बसलेल्या माणसानं मात्र ती रोज आठवावी. वाचणारा क्रियापद येईपर्यंत आधीचा एकेक शब्द हातात धरून उभा असतो. कोण, कुणाला, कधी, कुठं, कशामुळं, हे सगळं धरायचं आणि शेवटच्या शब्दाला एकदम खाली ठेवायचं. चार-पाच गोष्टी धरता येतात. आठवी आली की पहिली निसटते. म्हणून लांबी हा खरा दोष नसतो. हे वाक्य पाहा: ‘जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खानापूरच्या बाजूनं आभाळ भरून येतं, वारा पडतो, रेल्वे फाटकाजवळच्या चहावाल्याची ताडपत्री एकदा फडफडून गप्प होते आणि मग कौलांवर पहिले टपोरे थेंब असे पडतात की माणूस बोलता बोलता थांबतो.’ यात ३१ शब्द आहेत, म्हणजे नोटिशीपेक्षा फक्त चार कमी. पण पाच पूर्ण क्रियापदं आहेत, आणि प्रत्येक क्रियापदाला वाचणाऱ्याचे हात रिकामे होतात. मोडीत लिहिणाऱ्यांनी शब्दांमध्ये जागा सोडली नाही, विरामचिन्हं वापरली नाहीत; ती मराठीत रुजली १९व्या शतकात, इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीमुळे. त्याआधी कागदावरचं वाक्य कुठे संपलं हे वाचणाऱ्याला क्रियापदच सांगायचं. आजही आपला कान पूर्णविरामापेक्षा ‘आहे’, ‘झालं’, ‘येतो’ यांवर जास्त विश्वास ठेवतो.

कर्नाटकातल्या सीमाभागात, बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात, मराठी मजकुराचं एक वेगळं दुखणं आहे. इथे मराठीत पाटी लागली, मराठीत पत्रक निघालं, हीच मोठी गोष्ट असते. त्यामागं कुणाचे तरी हेलपाटे असतात, अर्ज असतात, कधी त्याहून बरंच काही असतं. ती पाटी एकदा लागली की तिच्यावर काय लिहिलंय, ते नीट लिहिलंय का, हे कुणी विचारत नाही. विचारावंसं वाटलं तरी जीभ अडते. एवढ्या मुश्किलीनं मिळालेल्या वाक्यात खोट काढायची म्हणजे आपल्याच माणसाच्या पाठीवर मारल्यासारखं होतं. हा संकोच खोटा नाही. पण त्याच संकोचामुळे आपल्याकडच्या मंडळांचे अहवाल, सोसायट्यांच्या नोटिसा, सभांची इतिवृत्तं वर्षानुवर्षं त्या टाकीवरच्या कागदासारखी राहिली. अक्षर मराठी, पण त्या आज्जींना त्यातून पाणी कळत नाही. मग ती मराठी कुणासाठी झाली?

त्या कागदावर लाल पेन घेऊन बसलं तर काम असं चालतं. आधी पूर्ण वाक्य वाचायचं आणि कागद पालथा घालायचा. समोर कुणी बसलंय असं समजून ते एका दमात सांगायचं. तोंडून निघतं: ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही, पाइपचं काम चाललंय.’ हा झाला वाक्याचा कणा, आणि तो जवळजवळ नेहमी बोलण्यातच सापडतो. आता कागद सुलटा करून त्या कण्याशी नातं नसलेले शब्द खोडायचे. ‘सर्व नागरिकांना याद्वारे कळविण्यात येते की’, हे सहा शब्द पहिल्यांदा जातात. कागद टाकीवर चिकटवलाय म्हणजे कळवणं झालंच. ‘पाणीपुरवठा हा’ मधला ‘हा’ जातो. आपण कर्त्यानंतर उगीच एक ‘हा-ही-हे’ ठेवतो. तो बहुतेक वेळा लिहिणाऱ्यानं घेतलेला श्वास असतो, वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. ‘सकाळच्या वेळेत’ म्हणजे सकाळी. ‘काम हाती घेण्यात आलेले असल्याकारणाने’ या पाच शब्दांत काम सुरू आहे एवढंच आहे. ‘नोंद घेऊन सहकार्य करावे’ यावर थोडा विचार करावा लागतो. नागरिकांनी नेमकं काय करायचंय? पाणी साठवायचं? टँकर बोलवायचा? फोन करायचा नाही? सांगण्यासारखं काही असेल तर ते सांगावं, नसेल तर ओळ जावी.

आता उरतो तो सगळ्यात गंभीर शब्द, ‘उद्या’. कागदावर तारीख नाही. तो सोमवारी चिकटवला की मंगळवारी, हे वाचणाऱ्याला माहीत नाही. असा कागद चार दिवस टाकीवर राहिला तर चारही दिवस ‘उद्या’ पाणी नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्या घटकेचा दिवस असतो, म्हणून त्याला ही चूक दिसत नाही. दिसते ती दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाला. भिंतीवर राहणाऱ्या मजकुरात आज, उद्या, परवा, सध्या, नुकतेच, लवकरच असे शब्द दिसले की त्यांच्याभोवती गोल करायचा आणि त्या जागी वार आणि तारीख घालायची. मग कागद होतो: ‘बुधवारी १२ तारखेला सकाळी पाणी येणार नाही. मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती सुरू आहे. पाणी पुन्हा कधी येणार ते याच फळ्यावर लिहू.’ वीस शब्द, तीन वाक्यं. पाणी पाचव्या शब्दाला आलं, आणि ‘नाही’ सातव्या शब्दाला.

इथे एक मोह होतो. ‘दुरुस्ती सुरू आहे’च्या जागी ‘पाइप फुटला आहे’ लिहावंसं वाटतं. जास्त ठसठशीत आहे, छोटं आहे. पण मूळ कागद पाइप फुटला असं कुठेच म्हणत नाही. जुना पाइप बदलत असतील, जोड गळत असेल. संपादकाला वाक्य स्वच्छ करायचा अधिकार आहे, माहिती बनवायचा नाही. वरच्या तीन वाक्यांतलं ‘बुधवारी १२ तारखेला’ आणि ‘याच फळ्यावर लिहू’ हेसुद्धा विचारल्याशिवाय घालता येत नाही. म्हणून समासात प्रश्न लिहायचा: ‘कोणती तारीख? फुटलाय की बदलताय? पुढची सूचना कुठे देणार?’ चांगल्या संपादनाच्या निम्म्या खुणा प्रश्नचिन्हं असतात. ज्या कागदावर नुसती खाडाखोड आहे आणि एकही प्रश्न नाही, तिथे संपादकानं कुठेतरी अंदाजावर काम भागवलेलं असतं.

‘करण्यात’ या शब्दाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सीमाभागातल्या छापील मराठीत त्याच्याइतका पसरलेला शब्द दुसरा नसेल. निवड करण्यात आली, सत्कार करण्यात आला, निषेध करण्यात आला, विनंती करण्यात येत आहे. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. गावच्या गाव राबतं. त्यानंतर अशा कार्यक्रमांची जी वृत्तं लिहिली जातात, त्यांतली वाक्यं साधारण या घडणीची असतात: ‘ग्रंथदिंडी काढण्यात आल्यानंतर दीपप्रज्वलन करण्यात येऊन स्वागतगीत म्हणून पाहुण्यांना पुस्तक भेट देण्यात आले.’ दिंडी कुणी काढली? दिवा कुणी लावला? गीत कुणी म्हटलं? शिवाय ‘स्वागतगीत म्हणून’ इथे वाक्य दुभंगतं. गीत म्हटल्यावर पुस्तक दिलं, की गीताऐवजी पुस्तक दिलं? ‘म्हणून’चे दोन्ही अर्थ इथे बसतात. शिवाय ‘-ऊन’ प्रत्ययाचं क्रियापद ज्यानं केलं त्यानंच पुढचं काम केलं, असा मराठीचा साधा नेम. त्या नेमानं पाहिलं तर ज्यानं गीत म्हटलं त्यानंच पुस्तक दिलं असं होतं, जे बहुधा खरं नाही. दुरुस्त करायचं तर आधी विचारावं लागतं, आणि विचारल्यावर कळतं: ‘गावानं ग्रंथदिंडी काढली. पाहुण्यांनी दीप लावला. शाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं आणि स्वागताध्यक्षांनी पाहुण्यांना पुस्तक भेट दिलं.’ त्या मुली आठ-आठ दिवस शाळा सुटल्यावर थांबून सराव करतात. एकसारख्या रिबिनी बांधून, पहाटे न्हाऊन येतात. ‘करण्यात’ नावाच्या खिडकीतून त्या वाक्याबाहेर जातात आणि वर्षाच्या अहवालात त्यांचा मागमूस राहत नाही.

वाक्यात कर्ता परत आणणं मला म्हणूनच व्याकरणाच्या कामापेक्षा मोठं वाटतं.

याच राज्यात, श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या ५७ फुटी मूर्तीच्या पायाशी दोन ओळी कोरल्या आहेत. ‘श्री चावुंडराजें करवियलें’ ही एक; चावुंडराय म्हणजे गंग राजांचा मंत्री. ‘श्री गंगराजें सुत्ताले करवियलें’ ही दुसरी, नंतरच्या काळातली, होयसळ सेनापती गंगराजाची. मराठीचा सर्वांत जुना लेख कुठला यावर अभ्यासकांत वाद आहेत. तो विषय इथे नको. वाक्य म्हणून या ओळी पाहाव्यात. पहिलीत मानाचा ‘श्री’ सोडला तर दोन शब्द: कुणी, आणि काय केलं. काय करवलं ते सांगितलेलं नाही, कारण ते वाचणाऱ्याच्या डोक्यावर उभं आहे. आणि ‘केलें’ नाही, ‘करवियलें’ आहे. मूर्ती चावुंडरायानं घडवली नाही, घडवून घेतली. छिन्नी दुसऱ्याच्या हातात होती. क्रियापदाच्या पोटातल्या एका ‘व’नं ते मान्य केलं. दुसऱ्या ओळीत वस्तूचं नाव द्यावं लागलं, कारण मूर्तीभोवतीचा परकोट हा वेगळा. त्यासाठी शब्द आला ‘सुत्ताले’. तो कन्नडचा, ‘सुत्त’ म्हणजे भोवती. मूर्तीच्या दुसऱ्या बाजूला हेच कन्नडमध्ये लिहिलं आहे, पहिली ओळ तमिळमध्येही. ज्या जागी ती भिंत बांधली तिथली माणसं तिला जे म्हणत होती, तोच शब्द लिहिणाऱ्यानं घेतला आणि मराठी क्रियापदाला जोडला. त्यात त्याला काही कमीपणा वाटला नसावा. नेमका शब्द, कर्ता, आणि खरं बोलणारं क्रियापद, एवढ्यात वाक्य झालं, आणि शतकं उलटली तरी ते वाचून कळतं.

म्हणून ‘करण्यात आले’ दिसलं की सरसकट झोडायचं, असंही नाही. कर्ता ठाऊकच नसेल, किंवा त्यानं काही फरक पडत नसेल, तर करणाऱ्याचं नाव नसलेली रचना योग्यच. ‘रात्री गणपत गल्लीतून सायकल चोरीला गेली’, यात चोर कुठून आणायचा? ‘हा रस्ता गेल्या वर्षी केला’, इथे कंत्राटदाराचं नाव वाक्याला लागत नाही. कसोटी सोपी आहे. वाक्याला ‘कुणी?’ असं विचारायचं. उत्तर माहीत आहे आणि वाचणाऱ्याला हवं आहे, तर ते वाक्यात असावं. उत्तर माहीत असून लपवलं असेल, तर समासात प्रश्न यावा. मंडळाच्या हिशेबात ‘रक्कम खर्च करण्यात आली’ असं आलं की तो प्रश्न लिहायला हात कचरू नये.

मोठ्या दोषांकडे लक्ष जातं. लहान शब्दांकडे जात नाही, आणि घोटाळे तिथेच होतात. ‘च’ घ्या. ‘महिलांनीच सकाळी यावे’ म्हणजे पुरुषांनी येऊ नये. ‘महिलांनी सकाळीच यावे’ म्हणजे दुपारी आलं तर परत जावं लागेल. तपासणी शिबिराच्या पत्रकात हा ‘च’ एक शब्द पुढे-मागे झाला तर निम्मं गाव घरी बसेल. ‘फक्त’चंही तेच, तो ज्या शब्दाला बांधायचा त्याला चिकटून यायला हवा. ‘सगळे सभासद सभेला आले नाहीत’ या वाक्याचा अर्थ दोघांना दोन लागतो: कुणीच आलं नाही, किंवा काही आले काही नाहीत. इतिवृत्तात असं वाक्य राहिलं तर गणपूर्ती झाली की नाही यावर पुढे भांडण होतं. ‘एकही सभासद आला नाही’ किंवा ‘४० पैकी २२ सभासद आले’ असं लिहावं. ‘अध्यक्षांनी सचिवांना त्यांच्या घरी बोलावले’, कुणाच्या घरी? मराठीला यासाठी ‘आपल्या’ हा सुंदर शब्द आहे, तो थेट कर्त्याकडे जातो. ‘आपल्या घरी’ म्हटलं की अध्यक्षांचंच घर. ‘जुन्या वाचनालयाच्या इमारतीत’ हा आणखी एक सापळा. जुनं काय, वाचनालय की इमारत? साध्या रूपात ‘जुने वाचनालय’ आणि ‘जुनी इमारत’ वेगळे दिसतात. पुढे प्रत्यय लागला की दोन्ही ‘जुन्या’ होतात आणि फरक पुसला जातो. इमारत जुनी असेल तर ‘वाचनालयाच्या जुन्या इमारतीत’ असं विशेषण तिच्याजवळ नेऊन ठेवायचं. मराठीत शब्द हलवायला भरपूर मोकळीक आहे, आणि त्यामुळेच तो कुठे ठेवला याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

‘च्या’ची माळ तर सगळ्यांनाच ओळखीची. ‘मंडळाच्या वाचनालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीच्या खर्चाच्या हिशेबाची प्रत’. मोजून सहा. दोनपर्यंत वाचणारा सहज चालतो, तिसऱ्याला दम लागतो. माळ तोडायची युक्ती एकच: तिच्यात दडलेलं क्रियापद शोधायचं. ‘दुरुस्ती’त ते आहे. ‘मंडळानं वाचनालयाची इमारत दुरुस्त केली. त्या खर्चाचा हिशेब सोबत जोडला आहे.’

आता अवघड भाग, आणि इथे माझं मन एका बाजूला बसत नाही. आपल्या बोलण्यात कन्नडची चाल आहे. ‘पाणी येत नाही म्हणून सांगितलेत’ हे वाक्य इकडे रोज कानावर येतं. अर्थ, पाणी येणार नाही असं त्यांनी सांगितलं. कन्नडमधल्या ‘अंत’चं काम इथला ‘म्हणून’ करतो. पुण्या-नाशिकचा वाचक तेच वाक्य वाचून समजेल की पाणी येत नव्हतं, त्या कारणानं काहीतरी सांगितलं. बोलताना घोटाळा होत नाही, कागदावर होतो. तसंच ‘मी काम केलो’, ‘मी शिनेमा बघितलो’. प्रमाण मराठीत ‘मी केलं’, ‘मी बघितला’. संस्थेच्या पत्रात, बातमीत, अर्जात ही रूपं बदलावीत. तिथे वाचणारा कुठलाही असू शकतो. पण येळ्ळूरच्या एखाद्या पोरीनं गोष्ट लिहिली आणि तिच्या गोष्टीतली आई ‘मी तुला किती वेळा सांगितलो’ म्हणाली, तर तिथे लाल पेन टेकवण्याआधी हात आवरावा. ती चूक नाही, ते त्या बाईचं तोंड आहे. निवेदनाचा भागही तिला त्याच बोलीत हवा असेल, तर तोही तिचा निर्णय. संपादकानं फक्त एवढं पाहावं की तो निर्णय पानभर टिकतोय. एका ओळीत ‘केलो’ आणि पुढच्या ओळीत ‘केलं’ आलं तर विचारावं. प्रमाण आणि स्पष्ट हे दोन वेगळे गुण आहेत. ‘पाणी येतंय काय नाही’ हे प्रमाण नाही आणि त्याहून स्पष्ट काही नाही. टाकीवरचा कागद मराठी शुद्धलेखनाच्या १८ नियमांत, १९६२चे १४ आणि १९७२चे ४, जवळजवळ पूर्ण उतरतो, आणि कळत नाही. आपल्याकडचा माणूस बोलतो तेव्हा कर्ता, कर्म, क्रियापद जिथल्या तिथे असतं. हातात पेन आलं की ‘अशुद्ध’ ठरण्याच्या भीतीनं तो दुसऱ्याचा कोट चढवतो, आणि त्या कोटाच्या बाह्या त्याला लांब होतात.

सराव करायचा तर स्वतःच्याच मजकुरावर करावा, आणि तो एक रात्र झाकून ठेवल्यावर. ताजं वाक्य वाचताना डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. सकाळी छापून घ्यावं. पडद्यावर नजर घसरते. एका फेरीत एकच गोष्ट शोधावी. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदांखाली रेघ मारायची. ज्या ओळींत नुसते ‘आहे’, ‘होते’, ‘आले’ दिसतात तिथे खरं काम करणारा शब्द एखाद्या नामात अडकलेला असतो: ‘चर्चा झाली’त ‘बोलले’, ‘पाहणी केली’त ‘पाहिलं’. प्रत्येक वेळी बदलायची गरज नाही. ‘चर्चा’ म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. दुसऱ्या फेरीत कर्ता. तिसऱ्या फेरीत २५ शब्दांवरची वाक्यं मोजायची. २५ हा काही शास्त्रातला आकडा नव्हे, कामापुरता धरलेला आहे. त्यावर गेलेलं वाक्य वाईटच असं नाही, पण त्याला थांबवून झडती घ्यावी. चौथी फेरी मोठ्यानं वाचायची. जिथे श्वास चुकीच्या जागी तुटतो, जिथे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं, तिथे समासात नुसती खूण करून पुढे जायचं, दुरुस्त करत बसायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. जी ओळ खोडायची आहे तिची वेलांटी आधी सुधारून काय उपयोग. आणि मजकूर फार ओळखीचा झाला असेल तर शेवटच्या वाक्यापासून वर वाचत यावं. गोष्टीचा ओघ तुटतो आणि वाक्य एकटं उघडं पडतं.

या फेऱ्यांचा क्रम उलटला की वेळ दुप्पट लागतो. बेळगावात वडगाव-खासबागकडे मागावर उभा धागा तुटला की विणकर माग थांबवून गाठ मारतो, कारण तो धागा तसाच राहिला तर पुढच्या प्रत्येक इंचात ती रेघ उतरते. अर्थाचा दोष तसा असतो. पहिल्या परिच्छेदात ‘ते’ म्हणजे कोण हे ठरलं नाही, तर पुढे दहा वाक्यं चकाचक करूनही वाचणारा चुकीच्या माणसामागे चालत राहतो.

आणि एक धोका सांगायलाच हवा. खोडण्याची सवय लागली की हात थांबत नाही. सगळी वाक्यं पाच-सहा शब्दांची होतात. एकामागून एक सारख्या उंचीची. वाचताना ठेचकाळल्यासारखं होतं. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरी’ हे शब्द फालतू समजून काढले जातात, आणि दोन वाक्यांतलं नातंच जातं. कारण कुठलं नि परिणाम कुठला हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. कुंदा ही बेळगावची दुधाची मिठाई; ती करताना दूध आटवतात, पण पाणी उडालं की झालं असं नसतं. किती वेळ हलवत राहायचं आणि कुठल्या रंगाला उतरवायचं हे करणाऱ्याला कळावं लागतं, नाहीतर तळाला लागतं आणि सगळ्या पातेल्याला वास येतो. वाक्यातला एखादा ‘की’, ‘बरं का’, ‘तेवढ्यात’ अर्थाला काही घालत नाही, पण आवाज घालतो. एखाद्या म्हाताऱ्या गुरुजींनी लिहिलेल्या आठवणीत प्रत्येक परिच्छेद ‘तर असो’नं संपत असेल, तर त्यांतले दोन-तीन काढावेत, सगळे काढू नयेत. वाचणाऱ्याला त्यांची लकब ऐकू यायला हवी. किती ठेवायचे याचा नियम नाही. मोठ्यानं वाचायचं, आणि त्यांच्या जागी दुसराच कुणी बोलू लागला की एक परत घालायचा.

शब्दांच्या निवडीवर फार लिहिण्याची गरज नाही, एवढंच की नेमका शब्द बहुधा गल्लीतच असतो. ‘जलवाहिनी’ला कुणी हाक मारत नाही, पाइप म्हणतात. ‘खाद्यपदार्थांची विक्री’ लिहिण्याआधी तिथे काय विकतात ते पाहावं. मांडे असतील तर मांडे लिहावं. निपाणीच्या माणसाला ‘कृषी उत्पादन’ म्हणून काय सांगणार? त्याच्या वखारीत तंबाखू आहे.

त्या टाकीवरचा कागद नंतर तीन दिवस तसाच होता, त्याच्या ‘उद्या’सकट. दुसऱ्या दिवशी कुणीतरी खाली बॉलपेननं लिहून गेलं: ‘आज पण नाही’. अक्षर वाकडं, भिंतीवर टेकवून लिहिताना शाई मधेच तुटलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी एक सर येऊन गेली आणि वरच्या ३५ शब्दांची शाई खाली ओघळली. ‘स्थगित’ तेवढा ओळखू येत होता. त्या ओघळाच्या खाली, कोरड्या राहिलेल्या कोपऱ्यात, वेगळ्या हातानं पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता, त्यावरचा टिंब कागद फाटेल इतका दाबून दिलेला: ‘आलं’. नळापाशी घागरींची रांग लागली होती. आज्जींचा नंबर तिसरा होता.